लाल कोटातली कानपिळी

वैशाखात आमच्याकडे ऊन डोक्यावर यायच्या आधी ढोल कानावर येतो. काल सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि खालच्या रस्त्यावरून लग्नाची गाडी चालली होती. आता बँड फारसा कुणी आणत नाही. गाडीवर माणसाएवढे स्पीकरचे खोके रचलेले असतात आणि ते वाजायला लागले की खिडक्यांच्या काचा थरथरतात. पण त्या खोक्यांच्या पुढे एक माणूस गळ्यात साइड ड्रम अडकवून खरोखरचा वाजवत चालला होता. पाठीवर घामाचा मोठा डाग, आणि हात इतके चपळ की काठ्या दिसतच नव्हत्या. माझ्या हातातली ओली चादर हातातच राहिली. पन्नाशी उलटलेली बाई मी, पण चप्पल न घालता जिना उतरले आणि वरात वळणाआड जाईपर्यंत फाटकाशी उभी राहिले. तळवे भाजले ते वर आल्यावर कळलं.

वैशाख मला असाच पळवतो. बाकीच्यांना हा महिना नकोसा होतो. नळ कोरडे, पंखा गरम हवा खाली ढकलतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मला मात्र या दिवसांत अंगात काहीतरी चढतं. अशाच एका वैशाखात माझं लग्न झालं, आणि लग्नापेक्षाही मोठं काहीतरी त्याच दुपारी आमच्या गावात घडलं. ते माझं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाचं, भास्करचं होतं.

आमचं गाव अंबडजवळ. त्या दिवसांत शिवारात बघण्यासारखं काही उरत नसे. नांगरटीची मोठमोठी ढेकळं, मृगाच्या बहारासाठी पाणी तोडलेल्या मोसंबीच्या मलूल बागा, आणि मधूनच उठणारी वावटळ. पण गावात शिरलं की वेगळंच. दारोदार मांडव, मांडवावर जांभळाच्या डहाळ्या, सुकत चाललेल्या पानांचा तो तुरट वास. कढईतल्या नुक्तीचा, म्हणजे बुंदीचा, गोड धूर. आणि रोज कुठल्यातरी दिशेनं येणारा बँड. वारा फिरला की तो शेजारच्या गावचाही ऐकू यायचा. तो ऐकून भास्कर जेवता जेवता थांबायचा, मान वाकडी करायचा आणि सांगायचा, की त्या बँडचा ढोलवाला आज नवा आहे, हात जड आहे त्याचा.

त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. पत्र्याचा डबा, हौदाचं झाकण, माझी पाठ, जे हाताला लागेल ते तो वाजवायचा. शाळेच्या लेझीम पथकाचा ताशा त्याच्याकडेच असायचा. मारुतीच्या देवळात हरिनाम सप्ताह बसला की पखवाज त्याच्या मांडीवर यायचा आणि समोर बसलेले आमचे वडील, आण्णा, डोळे मिटून डोलायचे. आण्णा गावातले जुने जमीनदार शेतकरी. बोलणं मोजकं, पटका कडक. सप्ताहाचे महाराज एकदा त्यांना म्हणाले होते की पोराच्या हातात देव आहे, तेव्हा आण्णा महिनाभर तेच सगळ्यांना सांगत होते.

बारावीला भास्कर जालन्याला खोली घेऊन राहिला. मी चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा त्यानं मला स्टँडवरून थेट एका दुकानात नेलं. टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं एवढंसं दुकान. तिथला कारागीर दुरुस्त केलेला स्पीकर तपासायला नेहमी एकच इंग्रजी कॅसेट लावायचा, कारण म्हणे तिच्यात बास नीट कळतो. भास्करनं त्याला ती लावायला सांगितली. मी रस्त्यावर उभी. आधी गिटार किंचाळली, मग ड्रम आले, आणि मी पायरी चढून आत सरकले. शब्द एकही कळला नाही. भास्कर माझ्या तोंडाकडे बघत होता, जणू ते त्यानंच वाजवलं होतं. त्यानं मला सांगितलं की तिथं एकटा माणूस हातापायांनी मिळून चार जणांचं वाजवतो, आणि तो ते शिकणार आहे.

शिकायला जालन्यात तेव्हा ड्रमसेट कुठून येणार? एकाच ठिकाणी साइड ड्रम आणि मोठा ढोल रोज हाताखाली मिळत होता, तो म्हणजे लग्नाचा बँड. त्या बँडचे मालक लतीफ मास्तर. क्लॅरिनेट वाजवायचे, बोलणं दख्खनी, दाढी मेंदीनं लाल. त्यांनी भास्करचा हात पाहिला आणि त्याला लाल कोट दिला. वर्षभरात तो ड्रम तर शिकलाच. ट्रंपेट फुंकायला लागला, कीबोर्डवर बोटं बसवली, गायक आजारी पडला तर माइक धरायला लागला. मास्तर म्हणायचे, ये लडका बाजे को हात नहीं लगाता, बाजा इसको लगता.

मग व्हायचं ते झालं. आमच्या गावच्या कुणीतरी त्याला जालन्यात वरातीपुढे पाहिलं आणि अंबडच्या बाजारात आण्णांना भर माणसांत विचारलं. आण्णा तसेच एसटीत बसून जालन्याला गेले. भास्करनं हुज्जत घातली. सप्ताहात वाजवलं तर चालतं, मग इथं का नाही, असं त्यानं विचारलं.

"देवापुढं वाजवणं येगळं," आण्णा म्हणाले. "आपण काय लोकाच्या दारात उभं राह्यचं? घरी यायचं तर काठ्या टाकून ये."

भास्कर दिवाळीला आला नाही. संक्रांतीलाही नाही. आण्णांनी त्याचं नाव घेणं बंद केलं, आणि माय दोघांमध्ये वाळत चालली.

आज विचार केला की नवल वाटतं. बँड आला नाही तर आमच्याकडे लग्नाला लग्न म्हणत नसत. बँड किती लांबून आणला यावरून घराची पत ठरायची. आणि तोच बँड वाजवून थकला की त्यांची पंगत शेवटी, मांडवाबाहेर, कडब्याच्या गंजीच्या सावलीला. मीही लहानपणापासून ते बघत आले होते. तिथं बसलेली माणसं घरून जेवून निघालेली असतात की नाही, त्यांच्याही बहिणींची लग्नं याच महिन्यात असतात की नाही, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

माझं लग्न ठरलं जालन्यापलीकडच्या टेंभुर्णीच्या घरी. मुलगा जालन्याला पाटबंधारे खात्यात नोकरीला. भास्करला निरोप धाडायची आण्णांनी मनाई केली नव्हती, पण परवानगीही दिली नव्हती. मी चुलतभावाकरवी सांगावा धाडला. उलट निरोप आला: येतो म्हणावं, कसा येतो ते सांगत न्हाई.

लग्नाच्या दिवशी उन्हानं हद्द केली होती. मी हळदीच्या पिवळ्या लुगड्यात आतल्या खोलीत बसलेली, शेजारी चुलतबहीण शोभा पदरानं वारा घालतेय. बाहेर आरडाओरडा झाला की वऱ्हाड आलं. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात, आणि त्याच्यापुढे सगळ्यात जोरात बँड वाजतो. तो वेशीकडून वाजत येऊ लागला. आधी नुसता गलका. मग त्या गलक्यातून साइड ड्रमच्या काठ्या वेगळ्या झाल्या, आणि मी ताडकन उभी राहिले.

"शोभे, ह्यो हात भास्करचा हाय."

शोभा मला येड्यात काढून राह्यली होती. मी हळद, मुंडावळ्या, कशाची पर्वा न करता मागच्या जिन्यानं माळवदावर चढले. आमचं घर देवळासमोरच, वरून सगळं दिसत होतं. घोडा होता, घोड्यावर आमचे हे होते, पण त्यांच्याकडे कोण बघतंय. पुढं लाल कोटांची रांग, खांद्यावर सोनेरी झालरी, आणि मधोमध डोक्यावर तिरपी टोपी घातलेला माझा भाऊ. वऱ्हाडी टेंभुर्णीहून जालन्यावरून येताना बँड घेऊन आले होते, आणि तो लतीफ मास्तरांचा निघाला होता. मास्तरांनी म्हणे त्याला त्या दिवशी घरी राहा म्हणून विनवलं होतं. पण बहिणीच्या लग्नात बहिणीचा भाऊ वाजवणार नाही तर कोण, असं म्हणून हा सगळ्यांच्या आधी ट्रकमध्ये जाऊन बसला होता.

आणि काय वाजवत होता तो! ऐन मारुतीपुढे त्यानं मास्तरांना डोळ्यांनी खूण केली, बाकीची वाद्यं थांबली आणि तो एकटा सुटला. वरातीचा ठेका त्यानं मधेच मोडला, दुकानातल्या त्या इंग्रजी कॅसेटमधला घेतला, त्यातून सप्ताहातल्या पखवाजाचे बोल काढले आणि परत वरातीवर आणून सोडले. नाचणारी पोरं नाचायची थांबली. घोडासुद्धा कान टवकारून उभा. माझ्या अंगावर त्या उन्हात काटा आला.

मग मी आण्णांना पाहिलं. व्याह्यांच्या गळाभेटीसाठी ते हार घेऊन पुढे आले होते. बापलेकांच्या मध्ये चार हातांचं अंतर. गावाला सगळं माहीत होतं. फक्त पाहुण्यांना नव्हतं. माझे सासरे खुषीत पुढे झाले, भास्करच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना विचारू लागले.

"कुणाचं पोरगं हाय हे? लय हात चालून राह्यला."

गावकरी आण्णांकडे बघू लागले. सोयरीक करताना आण्णांनी मुलगा शिकायला आहे एवढंच सांगितलं होतं. मास्तर घाईनं म्हणाले की परगावचं आहे, नवीनच आलंय. भास्कर खाली बघत होता. आण्णा नुसते मान हलवून पुढे गेले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं.

"माझं हाय," आण्णा म्हणाले.

बस्स, एवढंच. हसले नाहीत, त्याला जवळ घेतलं नाही. सासऱ्यांच्या गळ्यात हार घातला आणि मास्तरांकडे वळून म्हणाले की थांबले कामून, वाजवा, मुहूर्त टळून राह्यला. मागोमाग वर आलेल्या शोभाच्या मी गळ्यात पडले. हसत होते की रडत होते, शोभाला विचारायला हवं.

खरी धमाल पुढे झाली. लग्नातली कानपिळी नवरीच्या भावाची. भटजींनी हाक मारली, नवरीचा भाऊ कुठंय? सगळ्या मांडवानं मागे वळून पाहिलं. कपडे बदलायला वेळ नव्हता, आणि त्याच्याकडे दुसरे कपडे होते कुठं? भास्कर लाल कोट, सोनेरी झालरी, काखेत टोपी अशा थाटात माणसांतून वाट काढत आला आणि त्यानं आमच्या यांचा कान असा पिळला की ते आजही एका कानानं कमी ऐकू येतं म्हणतात. सासरे पोट धरून हसत होते. म्हणाले, बँडही आमचा अन् मेहुणाही आमचा. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. नवीन माणूस घरात आलं की विचारतं, हा बँडवाला तुमच्यात काय करतोय?

पंगतीला मात्र भास्कर आमच्यात बसला नाही. तो मास्तरांबरोबर कडब्याच्या गंजीकडे गेला. आण्णांनी ते पाहिलं. हाका मारल्या नाहीत. वाढप्याच्या हातातली नुक्तीची बादली घेतली आणि त्या पंगतीत स्वतः वाढायला गेले. मास्तरांच्या पत्रावळीवर वाढलं, ढोलवाल्याच्या वाढलं, भास्करच्याही वाढलं. बापलेक एकमेकांशी बोलले मात्र नाहीत. मी सासरी निघाले तेव्हा दोघं मांडवाच्या दोन खांबांना टेकून उभे होते.

त्या पावसाळ्यात भास्कर पुण्याला गेला. तिथं कॉलेजच्या काही पोरांचा रॉक बँड होता आणि त्यांना ड्रमर हवा होता. इंग्रजी गाणी, लांब केस, तंग पँटी. याला गाण्यातले शब्द कळत नसत, पण ठेका एकदा ऐकला की पुरे. तिथं तो गिटार शिकला, बास शिकला, दुसऱ्यांच्या गाण्यांना वाद्यं वाजवून देऊ लागला. आमच्या जालन्याच्या दोन खोल्यांत तो दर उन्हाळ्यात यायचा. एकदा त्यानं गिटार आमच्या टेपला जोडली आणि पहिल्याच झटक्यात साऱ्या चाळीचा फ्यूज उडाला. लोक भांडायला आले आणि वीज आल्यावर ऐकायला बसले.

नंतर केव्हातरी त्यानं एक नवीन कॅसेट आणली. त्यात परदेशातले काळे गायक गात नव्हते, ठेक्यावर भराभर बोलत होते. मला काहीच समजेना. पण भास्करचे डोळे दुकानातल्या त्या दिवसासारखे झाले होते.

"अक्का, हे तर आपल्या मोंढ्यातला हर्रास हाय," तो म्हणाला.

आणि खरंच तो सकाळी उठून मोंढ्यात जाऊन बसायला लागला. धान्याच्या ढिगावर उभे राहून लिलाव पुकारणारे आडते एका दमात किती बोलतात, श्वास कुठं घेतात, शेवटचा शब्द कसा आपटतात, ते ऐकायला. पुण्याला परत जाऊन त्यानं आपल्या बोलीत असं काहीतरी रचलं आणि एका कार्यक्रमात म्हटलं. पोरांनी हुर्यो उडवली. गावठी म्हणाले. बँडातल्या दोस्तांनीही सांगितलं, हिंदीत कर, इंग्रजीत कर, पण हे राह्यलो-फाह्यलो नको. तो मला फोनवर हे सांगत होता तेव्हा मला वाटलं, आता तो मोडेल. तो म्हणाला, मी करून राह्यलो म्हणून न्हाई हसले ते, मी घाबरत म्हणलो म्हणून हसले. पुढच्या वेळी तो घाबरला नाही.

पाच-सहा वर्षांनी मी अंबडकडे माहेरी निघाले होते, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून बसलेली, आणि ड्रायव्हरनं टेप लावला. माझ्या भावाचा आवाज. ड्रायव्हर स्टिअरिंगवर ठेका धरून त्याच्याबरोबर म्हणत होता. मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला आणि सांगितलं, ह्यो माझा भाऊ हाय. तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं आणि पिशवी जवळ ओढली.

मग जालन्यातल्या पोरांनी मैदानावर त्याचा कार्यक्रम ठेवला. पुन्हा वैशाखच, ऊन कलल्यावरची वेळ. आण्णा सत्तरी ओलांडलेले. ते येणार नाहीत असंच मला वाटलं होतं, पण पटका बांधून तयार होते. त्यांना अगदी पुढे, पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवलं. भास्कर आला, ड्रम वाजवले, गिटार घेतली, ती ठेवून कीबोर्ड घेतला, पोरांचा समुद्र उसळत होता. शेवटी त्यानं माइक हातात घेतला आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं सुरू केलं.

"ऊन आलं डोक्यावर, तू लोळून राह्यला काय?
बैल उभे गोठ्यामंदी, तू गाऊन राह्यला काय?
लोकाची पोरं शिकून राह्यली, तू करून राह्यला काय?"

आणि हजारो पोरं एका आवाजात ओरडली, करून राह्यला काय, करून राह्यला काय. ही आण्णांची बोलणी होती. लहानपणी रोज सकाळी भास्करच्या उशाशी उभं राहून आण्णा हेच शब्द, याच क्रमानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जातील असे बोलत. कॅसेटवर ऐकताना मी पोट धरून हसले होते. पण आता आण्णा माझ्या शेजारी बसले होते आणि सारं मैदान त्यांचा राग त्यांनाच ऐकवत होतं. मी हळूच पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा. ओठ मात्र हलत होते.

कार्यक्रम संपला, पोरांच्या गराड्यातून सुटून भास्कर आमच्याकडे आला. घामानं निथळत होता. त्यानं आण्णांच्या पायांना हात लावला आणि तसाच बसून राहिला.

"आर्धंच सांगून राह्यला तू लोकायला," आण्णा म्हणाले.

त्यानं वर बघितलं. "काय राह्यलं, आण्णा?"

"बोलून झाल्यावर मी काय म्हणायचो?"

भास्करला आठवेना. मलाही आठवेना. शेवटी आण्णांनीच सांगितलं.

"ये, आधी भाकर खाऊन घे. रोज म्हणायचो. ते कुठं गेलं?"

आणि मला चुलीजवळचा त्यांचा आवाज लख्ख ऐकू आला. खरंच, प्रत्येक बोलणीच्या शेपटीला ते असायचं. शिव्या देता देता ते भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायचे. आम्ही दोघांनी शिव्या तेवढ्या जन्मभर जपल्या होत्या.

भास्कर बोटांवर मात्रा मोजत म्हणाला, "तालात बसत न्हाई, आण्णा. शब्द जास्ती हून राह्यले."

"मंग जल्दी म्हण."

भास्करनं म्हणून पाहिलं. शेवटचा शब्द बाहेर सांडला. मागे स्पीकर उचलणारे त्याचे साथीदार थांबले, एकानं खोक्यावर बोटांनी ठेका धरला. त्यानं पुन्हा म्हटलं, एका दमात, आडत्यासारखं, आणि 'घे' बरोबर समेवर येऊन पडला.

"आता बराबर," आण्णा म्हणाले.